वाचून दाखवणारे राव

त्यांनी पहिल्याच दिवशी मला अक्का म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. मी चोवीस वर्षांची, परीक्षा देऊन विमा कंपनीत अधिकारी झालेली, नागपूरहून थेट बेंगळुरूच्या जयनगर शाखेत येऊन पडलेली. हे गृहस्थ साठीला टेकलेले. वडिलांच्या वयाचा माणूस आपल्याला ताई म्हणतो म्हणजे नक्की टिंगल करतो आहे, असं माझं तेव्हाचं तर्कशास्त्र होतं. मी तिथल्या तिथे सुनावलं, "मला मॅडम म्हणायचं." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "सरी, मॅडम अक्का." सरी म्हणजे बरं.

मी यावर काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "मोटारीची पॉलिसी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत का हो?"

"हो," मी म्हणाले. खोटं होतं. परीक्षेपुरती वाचली होती.

"मग तुम्ही हुशार. मी पंचवीस वर्षं वाचतोय, अजून दोन जागी अडतो."

ते आमच्या शाखेचे एजंट होते. म्हणजे पगारी नोकर नव्हेत. विमे आणून द्यायचे आणि कमिशन घ्यायचं. पण रोज सकाळी आमच्या आधी जिन्यात हजर. अंगात बारा महिने तपकिरी कोट, कपाळाला अंगाऱ्याचं बोट, हातात घरून आणलेलं लाकडी स्टूल. ऑफिसात खुर्च्या होत्या, पण त्यांच्या मते खुर्चीवर बसलेला माणूस पाठीला टेकतो आणि टेकला की ऐकत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला ते स्टुलावर बसवत आणि स्वतः त्याच्यासमोर उभे राहत. आणि मग वाचायला लागत.

पॉलिसी इंग्रजीत असे, मुंगीएवढ्या अक्षरांत. रावांनी तिचं गावाकडच्या कानडीत भाषांतर करून एका लांबट वहीत उतरवलं होतं. आमच्याकडे येणारी माणसं बहुतेक बोम्मसंद्रा, अत्तिबेले, आनेकल भागातल्या खेड्यांतली. त्यांना राव ते सगळं, अथपासून इतिपर्यंत, वाचून दाखवत. त्यात त्यांची स्वतःची भरही असे. 'दारू पिऊन चालवाल तर हा कागद चुलीत घाला, तेवढाच उपयोगी पडेल.' 'लायसन नसलेल्या मेहुण्याच्या हाती गाडी द्याल तर मेहुणाही तुमचा आणि खर्चही तुमचाच.' प्रत्येक कलमानंतर थांबून विचारायचं, "गोत्तायता?" म्हणजे, कळलं का? नुसती मान हलवलेली चालत नसे. गिऱ्हाइकानं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. चुकलं की पुन्हा. एका माणसाला पाऊण तास सहज लागे. शाखेतले लोक त्यांना 'ओदो रायरू' म्हणत, वाचणारे राव. तोंडावर म्हणत आणि ते ओ देत.

एकदा सफारी घातलेला एक जमीनदार तिसऱ्या कलमाला उठून उभा राहिला. "मी काय शाळेत आलोय?" असं ओरडून तो शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या एजंटाकडे गेला आणि पाच मिनिटांत तीन गाड्यांच्या पॉलिसी घेऊन बाहेर पडला. मी रावांना म्हटलं, "गेलं की हो कमिशन." ते म्हणाले, "ज्याला कळलं नाही त्याची सही म्हणजे माझीच सही, अक्का. तीन गाड्यांच्या सह्या कोण वाहील?" आणि पुढच्या माणसाला त्यांनी पहिलं कलम सुरू केलं.

ही वाचायची खोड नुसती ऑफिसापुरती नव्हती. बसच्या तिकिटाची मागची बाजू ते वाचत. औषधाच्या बाटलीतला घडी केलेला कागद वाचत. एकदा जयनगरच्या मोठ्या लाँड्रीत कोट टाकायला गेले आणि पावतीमागे 'बटणं हरवल्यास जबाबदारी आमची नाही' असं वाचून कोट परत घेऊन आले. मालकानं परोपरीनं सांगितलं की आजवर एकही बटण हरवलेलं नाही. राव म्हणाले, "मग छापलं कशाला?" तो कोट पुढे कधीच लाँड्रीत गेला नाही, आणि ते जवळ बसले की कळायचं.

त्यांच्या घरी मी दोनतीनदा जेवले. जयनगरातच घर, दारात कढीपत्त्याचं झाड. "आमचे लोक तीनशे वर्षांमागं फौजेबरोबर कारकून म्हणून इकडं आले ते राहिलेच," असं ते अशा थाटात सांगत की मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट वाटावी. त्यांची मराठी मला आधी विनोदी वाटे. आपण चहाबिहा म्हणतो, ते कॉफीगीफी म्हणत. त्यांच्या मंडळी एकदा भात वाढताना मला म्हणाल्या, "लग्नात ह्यांनी मंत्र म्हणणाऱ्या भटजीला थांबवून अर्थ विचारला बघा. मुहूर्त गेला की." राव शांतपणे म्हणाले, "जन्माचा करार, न विचारता कसा करायचा?" आणि आमटी मागितली.

गाडी पाहायची त्यांची पद्धतही जगावेगळी. चपला काढून, अनवाणी, गाडीभोवती तीन फेऱ्या. बघणाऱ्याला वाटे पूजा करताहेत. खरं म्हणजे खाली सांडलेलं तेल त्यांना पायाला कळे. मग मागच्या सीटवर बसून मालकाला विचारायचं, "सोमवारी इथं कोण बसतं? मंगळवारी कोण?" मालक बायकोपोरांची नावं सांगे. राव वारामागून वार विचारत जात आणि बहुतेकदा गुरुवार-शुक्रवारपर्यंत खरी गोष्ट बाहेर पडे.

कनकपुरा रस्त्याच्या एका फुलवाल्याचं असंच झालं. त्याच्या जीपमध्ये सोमवारी बायको होती, मंगळवारी भाऊ होता आणि बुधवारी शेजारचे चार फुलवाले निघाले, डिझेलला पैसे देऊन बसणारे. राव स्टुलावरच्या माणसावर ओरडले नाहीत. त्यांनी कलम वाचलं: घरची गाडी पैसे घेऊन माणसं न्यायला वापरली, तर आत बसलेल्यांना कंपनी काही देणं लागत नाही. टॅक्सीचा विमा घ्यायचा तर हप्ता दुपटीच्या वर, तो त्या माणसाला झेपणारा नव्हता. मग रावांनी त्या पाचही जणांना वेगवेगळा अपघात विमा काढून दिला. आमच्याकडे तशी एक साधी पॉलिसी होती, माणशी वर्षाला एका सिनेमाच्या तिकिटाएवढी. तिच्यात गाडी कुणाची, पैसे कुणी दिले, असले प्रश्नच नव्हते. एजंटाला तिच्यावर चहापुरतंही कमिशन सुटत नसे, म्हणून ती कुणी विकत नसे. राव विकत.

त्या वर्षांत मोटारीच्या विम्याचे दर सारखे चढत होते. कोर्टं अपघाताची भरपाई वाढवून देत होती, कंपन्या तोट्याचं रडगाणं गात होत्या, आणि वरून थोड्या थोड्या दिवसांनी नवा तक्ता येत होता. जयनगरातल्या डॉक्टरला त्याचं काही नव्हतं. पण होसूर रोडवरच्या कारखान्यांतून काम करणारे खेड्यांतले लोक त्यात भरडले जात. पहिली पाळी सकाळी सहाची आणि गावातली पहिली बस निघायची सातला. मग चारपाच जण मिळून शहरातली कुणाची तरी वापरून थकलेली अँबेसेडर घेत. गाडी एकाच्या नावावर आणि डिझेल सगळ्यांचं. दर मात्र डॉक्टरला जो, तोच फिटरला.

जिगणीचा एक टर्नर एकदा स्टुलावर बसून म्हणाला, "सार, गाडी दरवर्षी म्हातारी होते, तिची किंमत उतरते. विमा दरवर्षी चढतो. हे कसं?"

"हा पैसा तुझ्या गाडीचा नव्हे रे," राव म्हणाले. "तुझ्या गाडीखाली कोण येईल त्याचा आहे. त्या माणसाची किंमत वाढतेय."

"आणि आमचा पगार, सार?"

असल्या प्रश्नावर राव मुख्य कचेरीला पत्र लिहीत. खेड्यातल्या कामगारांनी मिळून वापरायच्या गाडीला वेगळा, कमी दराचा विमा असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. दर वाढला की एक पत्र, रजिस्टर पोस्टानं. पत्र पोचल्याची पोचकार्डं तेवढी परत येत. ती दोऱ्यात बांधून ते मला कौतुकानं दाखवत. मी हसत असे. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं हे मला आज कळतं, आणि एका पत्रावर शाखेतर्फे माझीही सही टाकली असती तर माझं काही बिघडलं नसतं.

आता त्या दिवसाकडे यावंच लागतं.

माझं पहिलंच वर्ष होतं, नोकरी अजून कायम झाली नव्हती. महिनाअखेरीला नवा तक्ता आला: उद्यापासून दर वाढणार, आणि नेहमीपेक्षा बरेच. बातमी खेड्यापाड्यांत कशी पोचली कोण जाणे, पण सकाळी दार उघडलं तर रांग जिना उतरून साड्यांच्या दुकानासमोरून कोपऱ्यापर्यंत गेलेली. शाखेचे साहेब नेमके दौऱ्यावर. काउंटर माझ्या ताब्यात. पैसे घेणं चारला बंद होणार. राव फॉर्म भरणार आणि मी त्यांच्या पाठीशी उभं राहून त्यावर सही-शिक्का करणार, अशी व्यवस्था मीच लावली.

दुपारी बारापर्यंत रावांनी दोन माणसं संपवली होती.

मी त्यांना बाजूला घेतलं. "राव, आज वाचू नका. आज नुसतं लिहा."

"अक्का, स्वल्प वाचतो. मुख्य मुख्य तेवढंच."

"तुमचं स्वल्प म्हणजे अर्धा तास. खाली दीडशे माणसं उभी आहेत. तुम्ही एकाला वाचून दाखवणार आणि तेवढ्यात दहाजण उद्याच्या दरात जाणार. ते गरीब नाहीत? त्यांचं नुकसान तुम्हाला चालेल?"

मी नागपूरची, आवाज मुळातच मोठा. सगळं ऑफिस बघायला लागलं. माझा मुद्दा खोटा नव्हता, म्हणून तर रावांना तो लागला. त्यांनी ती लांबट वही मिटली, कोटाच्या खिशात घातली आणि खाली मान घालून लिहायला बसले. त्या दिवशी पहिल्यांदा ते खुर्चीवर बसले.

दुपारनंतर रावांच्या हातून सत्तावीस फॉर्म झाले. इतर टेबलांवरही हात चालत होते. मला नुसतं स्फुरण चढलं होतं.

चार वाजायला आले तेव्हा मुनियप्पा समोर आला. आनेकलच्या पलीकडच्या गावचा, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर. एका डॉक्टरची जुनी अँबेसेडर त्यानं घेतली होती. त्याच्याबरोबर आणखी तिघे आले होते, पहिली पाळी करून तसेच, कपड्यांना ऑइलचे डाग. एजंटांच्या भाषेत स्वस्तातला विमा म्हणजे थर्ड पार्टी, समोरच्याचं नुकसान तेवढं भरणारा, आणि महागातला म्हणजे फुल, आपलंही भरणारा. असली माणसं नेहमी स्वस्तातला घेत. मुनियप्पा म्हणाला, "फुल हाकी, सार." फुल घाला. उद्यापासून फुल परवडणार नाही, म्हणून आजच सगळ्यांनी रजा टाकून यायचं ठरवलं होतं म्हणे, पण शेवटी पाळी करूनच आले.

रावांनी मान वर न करता विचारलं, "वापर? घरचा?"

"हो सार. म्हणजे आम्ही पाच जण मिळून, दर शनिवारी डिझेलला..." मुनियप्पा हळू आवाजात बोलत होता. खाली रांगेत भांडण लागलं होतं, कुणीतरी जिन्यात ओरडत होतं. रावांना एका कानानं तसंही कमी ऐकू येई. त्यांनी 'हो' तेवढं ऐकलं आणि रकान्यात लिहिलं, घरगुती वापर.

मी ऐकलं. मी त्यांच्या पाठीशीच उभी होते आणि तोवर मला एवढी कानडी येत होती. शनिवार, डिझेल, पाच जण. एका क्षणात मला तो कनकपुऱ्याचा फुलवालाही आठवला. पण ते पुन्हा उकरायचं म्हणजे राव वही काढणार, घड्याळात चार वाजणार, आणि मागचे लोक माझ्या नावानं शंख करणार. "मुंदे," मी ओरडले. पुढचा या. आणि मुनियप्पाच्या कागदावर शिक्का मारला. तो मला नमस्कार करून गेला.

संध्याकाळी मी खालच्या हॉटेलातून बाय-टू कॉफी मागवली, एकीच्या दोन. रावांनी त्यांचा पेला तसाच ठेवला. म्हणाले, "सत्तावीस जणांना मी आंधळ्या सह्या करायला लावल्या. आता रविवारी जाऊन वाचून येतो."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत आहे. पण त्यांनी सत्तावीस पत्ते एका कागदावर उतरवून घेतले आणि पुढच्या रविवारपासून खरोखरच जायला लागले. बसनं, काही वेळा बसच्या फाट्यापासून चालत. एका रविवारी दोन गावं, फार तर तीन. पहिल्याच सोमवारी त्यांनी मला विचारलं, "अक्का, अर्धी नावं तुम्ही घ्याल का? आनेकलकडची? बस सोपी आहे." मी म्हटलं, माझी कानडी तेवढी चांगली नाही. शिक्का मारताना ती पुरेशी चांगली होती. रविवारी मी केस धुवायचे, आईला पत्र लिहायचे आणि मॅटिनी बघायचे.

ते क्रमानं जात होते. मुनियप्पा शेवटून दुसरा होता.

एकोणीस घरं झाली असताना बातमी आली. पहाटेच्या धुक्यात, पहिल्या पाळीला जाताना, मुनियप्पाची गाडी एका मोरीच्या कठड्यावरून तळ्याच्या कोरड्या पात्रात गेली होती. समोरून कुणी आलं नव्हतं, दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता. मुनियप्पाचा हात मोडला, तिघांना टाके पडले आणि मागे बसलेला एक मोल्डर, साच्यांचं काम करणारा, जागच्या जागी गेला. तिशीतला होता. बायको आणि दोन मुली.

इस्पितळात पोलीस जबाब घ्यायला आले. गाडी मुनियप्पाची, मग तुम्ही तिच्यात कसे, असं त्यांनी सहज विचारलं असावं. जखमींतल्या एकानं ताठ मानेनं सांगितलं, "आम्ही फुकट नाही बसत, सार. दर शनिवारी डिझेलचे देतो." फुकट्या म्हणून कुणी नाव ठेवू नये, एवढीच त्याची काळजी. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मेलेल्या माणसाची बायकोही म्हणाली, आमच्या घरचे पैसे कधी चुकले नाहीत. सगळ्यांनी आपापला मान राखला आणि त्या एका वाक्यापायी आमच्या कंपनीनं हात वर केले. भाड्यानं माणसं नेली, अट मोडली, बसलेल्यांना काही मिळणार नाही. फुल असूनही नाही.

कारखान्याच्या युनियननं तक्रार केली की एजंटानं काही समजावून सांगितलं नव्हतं. विभागीय कचेरीतून चौकशीला एक अधिकारी आला. त्याला रावांची कीर्ती माहीत होती. साहेबांच्या खोलीत त्यानं त्यांना बसवलं आणि जबाब लिहून घ्यायला मला बोलावलं.

"तुम्ही तर सगळ्यांना वाचून दाखवता म्हणे. ह्यांना का नाही दाखवलं?"

"गर्दी होती."

"वाचू नका असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

मी लिहायचं थांबले. पेन कागदावर टेकलेलंच होतं, तिथे शाई पसरत गेली. त्या खोलीत एक वाक्य बोलायचं होतं आणि ते माझं होतं.

"कुणी नाही," राव म्हणाले. "मीच घाई केली."

मी ते लिहिलं. मग त्यांनी सवयीप्रमाणे सगळा जबाब मोठ्यांदा वाचला, माझी दोन स्पेलिंगं दुरुस्त केली आणि सही केली. दोन आठवड्यांनी त्यांची एजन्सी रद्द झाली. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम झाली. मी पेढे वाटले. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटले होते.

जाताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तुमचं वय लहान आहे, अक्का. माझं झालं." पंचवीस वर्षांचं काम माणूस असं ओवाळून टाकतो आणि आपण ते ठेवून घेतो, हे मला तेव्हा मुळीच जड गेलं नाही. उलट मी स्वतःला समजावलं, त्यांना कशाला लागते एजन्सी, घर स्वतःचं आहे, मुलगा कमावता आहे.

राहिलेल्या आठ घरी ते तरीही गेले. अधिकार नाही, कमिशन नाही, आणि जोडीला एका माणसाच्या मरणाचा ठपका. मुनियप्पाच्या घरी गेले तेव्हा त्यानं त्यांना घरात घेतलं नाही, अंगणात उभं केलं. त्यांनी तिथे उभं राहून पूर्ण पॉलिसी वाचली. त्या मोल्डरच्या बायकोचा भरपाईचा दावा लागला तेव्हा तिचे सगळे कागद तेच तिला वाचून दाखवत. ती पुढे त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागली. दाव्याचा निकाल लागला तो कंपनीच्या बाजूनं. भरपाई मुनियप्पानं द्यावी, असं कोर्टानं सांगितलं. मुनियप्पाकडे द्यायला मोडका हात होता.

तिसऱ्या वर्षी माझी नागपूरला बदली झाली. हवी होती, मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी जयनगरातल्या भाड्याच्या खोलीत पुस्तकं बांधत होते, तेव्हा राव आले. खूप वाळले होते. तोच कोट आता खांद्यावरून घसरत होता. त्यांच्या मंडळींनी माझ्यासाठी चटणीपुडी पाठवली होती. ती त्यांनी ट्रंकेवर ठेवली आणि उभेच राहिले.

"अक्का, एक विचारायचं होतं. तुम्ही जाण्याआधी विचारलेलं बरं."

"विचारा की."

"ती बाई वरच्या कोर्टात गेलीय. तिचे वकील म्हणतात, डिझेलच्या पैशांची गोष्ट त्या दिवशी ऑफिसातल्या कुणाच्या कानावर गेली असेल, तर केस उभी राहते. कंपनीला माहीत होतं, माहीत असून शिक्का मारला, असं होतं. मुनियप्पा म्हणतो, मी सांगितलं होतं. पण तो सांगणारच, त्याचं कोर्ट ऐकत नाही. माझी मान खाली होती. मला एका कानानं येत नाही. दोन वर्षं मी तेच आठवतोय. तो बोलला आणि मी ऐकलं नाही, असं झालं का? तुम्ही मागेच उभ्या होता. त्यानं काही सांगितलं होतं का, अक्का?"

ते मला पकडायला आले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर संशयाचा मागमूस नव्हता. मी ऐकून गप्प बसले असेन, हे त्या माणसाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

मला सगळं दिसत होतं. मी 'हो' म्हटलं की कोर्टाचं बोलावणं येणार, शपथेवर सांगावं लागणार, मग जबाबाच्या वेळी का बोलला नाहीत हा प्रश्न येणार, बदली थांबणार, नोकरीही जाईल कदाचित. आईनं नागपुरात माझ्यासाठी खोली रंगवून घेतली होती. आणि दुसरीकडे कँटीनमध्ये भांडी घासणारी एक बाई आणि तिच्या दोन मुली, ज्यांना मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर कदाचित... पण नको, तेही खोटंच.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही बोलला तो."

रावांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"सरी," ते म्हणाले. "बरं झालं विचारलं. न वाचल्याची चूक माझीच, ती आहेच. पण माणूस समोर बसून सांगत होता आणि आपण ऐकलं नाही, तेवढं तरी नाही झालं. ते सोसलं नसतं मला." आणि त्यांनी मला, माझ्याहून छत्तीस वर्षांनी मोठ्या माणसानं, हात जोडले. "उपकार झाले, अक्का. त्या बाईला सांगतो, त्या आशेवर राहू नकोस म्हणून."

ते जिना उतरून गेले. त्यांना हाक मारायला माझ्याजवळ तेवढा वेळ होता. ते दर पायरीवर थांबत होते.